घड्याळ दिवाळीनंतर

गणपती बोळवले की आमच्या मुख्याध्यापकांना काहीतरी नवं सुचतं. त्या वर्षी सुचलं ते असं, की प्रत्येक वर्गाच्या शिक्षकाने 'या सत्रात मुले काय शिकणार' हे मोठ्या कागदावर लिहायचं आणि तो कागद शाळेच्या फाटकावर लावायचा. वीज केंद्राच्या कॉलनीच्या पलीकडे नवी कॉन्व्हेंट निघाली होती. तिच्या फाटकावर असा रंगीत फलक लागला होता आणि तो पाहून आमच्या सरांच्या जिवाला घोर लागला होता. "मॅडम, आपलं काय कमी आहे?" असं त्यांनी मला विचारलं. काय काय कमी आहे ते सांगायला बसले असते तर मधली सुट्टी पुरली नसती, म्हणून मी मुकाट्याने स्केचपेन हातात घेतलं.

मी तिसरीला शिकवते. शाळा कोराडीच्या बाजूला, वर्गाच्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. मी राहते नागपुरात आणि रोज बसने ये-जा करते. सकाळी मुलं येण्याआधी बाकांवरची राख पुसायची, हजेरी घ्यायची, खिचडी शिजली का पाहायची, मुलं खिचडी खाताना त्यांचा फोटो काढून वर पाठवायचा, नेटवर्क नसेल तर गच्चीच्या जिन्यावर चढून पाठवायचा, आणि यातून वेळ उरलाच तर शिकवायचं. पूर्वी मी संध्याकाळी दमायचे. आताशा घरून निघतानाच दमलेली असते आणि तशीच बसमध्ये चढते. निवृत्तीला अजून अवकाश आहे. गुडघ्यांना मात्र ते कोणी सांगितलेलं नाही.

तर मी लिहिलं. हातच्याची वजाबाकी, जोडाक्षरं, गावाचा नकाशा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. एवढ्यात कागद अर्धाच भरला. सर म्हणाले, दिवाळीनंतरचंही लिहून टाका, फलक भरलेला दिसला पाहिजे. म्हणून खाली आणखी लिहिलं. भागाकार, पत्रलेखन, घड्याळ वाचणे. सगळ्यांत शेवटी एक फूल काढलं, कारण जागा उरली होती. फाटकावर कागद लागला आणि दुसऱ्याच दिवशी एका बकरीने त्याचा खालचा कोपरा, फुलासकट, खाऊन टाकला. आमच्या फलकाचा तेवढा एकच वाचक निघणार अशी माझी खात्री झाली होती.

पण एका आईने तो वाचला. ती माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई. काटोलकडच्या शेतकरी घरातली, लग्न झाल्यावर नवऱ्यामागे इकडे आलेली. नवरा ठेकेदाराकडे कामाला होता. आदल्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला, एक बाजू गेली, वाचा गेली, मधून मधून फिट यायला लागली. आता सकाळ आहे की संध्याकाळ हेही त्याला उमगत नव्हतं. बाई कॉलनीतल्या क्वार्टरांमध्ये पोळ्या लाटून घर ओढत होती. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती मुलीला न्यायला आली, फाटकाशी उभी राहून तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग माझी वाट अडवली.

"मॅडम, ते घड्याळ पयले शिकवता नाही येत का जी?"

"घड्याळ दिवाळीनंतर आहे," मी म्हणाले. मला बस गाठायची होती.

"दिवाळीपर्यंत मले थांबता नाही येत."

मग तिने सांगितलं. नागपुरात, धंतोलीच्या एका दवाखान्यात तिला आयाचं काम मिळत होतं. पगार बांधलेला, सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत, आणि नवऱ्याला तिथल्याच डॉक्टरला दाखवता आलं असतं. पण ड्यूटी दुपारची, घरी यायला रात्र होणार. नवऱ्याच्या फिटच्या गोळ्या वेळेवर द्याव्या लागायच्या. एक संध्याकाळी जेवणाआधी, एक झोपताना, आणि दोन्हींमध्ये नेमकं अंतर ठेवून. त्या वेळी घरी एकटी मुलगीच असणार होती. तिथल्या सिस्टरने हिला दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती.

"माह्या पोरीले काटे वाचता आले का मी जातो," ती म्हणाली. "त्याच्या आंधी नाही जात."

मी तिला दोन-तीन उपाय सांगितले, जे कोणीही शहाणा माणूस सांगेल. फोनवर गजर लावा. तर फोन एकच, तो ड्यूटीवर तिच्याजवळ राहणार. घरी भिंतीवरचं घड्याळ तेवढं होतं. शेजारणीला सांगून ठेवा. "शेजारीण हाक मारली तं येते जी. पण तिलेबी तिचे लेकरं हाय. आमच्या गोळीची याद तिनं काहून ठेवावं?" आठ वर्षांच्या मुलीच्या हाती बापाच्या गोळ्या द्यायच्या, हे ऐकून मला राग आला होता. पण तो कोणावर काढावा तेच कळेना. तिच्यावर काढण्यात तर काही अर्थच नव्हता.

"पाहते," मी म्हणाले, आणि माझी बस गेली.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ काढलं. सर दारातून डोकावले आणि म्हणाले, "मॅडम, फाटकावर आपण दिवाळीनंतर लिहिलंय. कोणी तपासणीला आलं म्हणजे?" मी म्हटलं, "आले तर त्यांना किती वाजले ते विचारू, सर. मुलं सांगतील." ते हसले नाहीत, पण गेले. माणूस वाईट नाही. फक्त कागदाला घाबरतो.

पुठ्ठ्याचं मोठं घड्याळ मी घरी बनवून आणलं होतं. जुन्या साडीच्या खोक्याची गोल तबकडी, वहीच्या पुठ्ठ्याचे दोन काटे, छोटा लाल आणि मोठा काळा. मुलांना मजा आली. आमच्याकडची मुलं वेळ ओळखतात ती वीज केंद्राच्या शिफ्टवरून. फर्स्टची बस गेली की उठायचं, सेकंडवाले निघाले की खिचडी जवळ आली. त्यांना वेळ माहीत असते, फक्त तिला आकडा लावलेला नसतो. म्हणून मी बसवरूनच सुरुवात केली. हळूहळू वर्गाला पूर्ण तास आले, मग साडे आले, मग सव्वा आणि पावणे. पावणेला नेहमीसारखी रडारड झाली. 'पावणेपाच'मध्ये पाच अजून वाजलेलेच नसतात, मग पाच म्हणायचं कशाला, हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, आणि दर वर्षी मला तो रास्त वाटतो.

सगळ्यांना आलं. मागच्या बाकावरच्या त्या दोघांनाही आलं, ज्यांना अजून हातचा घ्यायचा की द्यायचा हे ठरवता येत नाही. फक्त एकीला आलं नाही, आणि ती तीच होती.

ती मुलगी वर्गातली चुणचुणीत. बाराचा पाढा उलटा म्हणून दाखवायची, कविता चालीवर म्हणायची, फळ्यावर माझी चूक झाली तर बोट वर करून सांगायची. आणि घड्याळ समोर धरलं की गप्प. बराच वेळ काट्यांकडे पाहायची आणि मग चुकीचं सांगायची. साडेतीन दाखवले तर सव्वासहा म्हणायची. सहा दाखवले तर साडेबारा. मला वाटलं, हिचा छोट्या-मोठ्या काट्यात घोळ होतो आहे. नवीन शिकणाऱ्या पुष्कळांचा होतो. मी तिला पुन्हा शिकवलं. लाल काटा तास, काळा काटा मिनिटं. मधल्या सुट्टीत शिकवलं, शाळा सुटल्यावर शिकवलं. एक बस सोडून पुढच्या बसने जायला लागले. घरी मला विचारलं गेलं की हल्ली उशीर का होतो, तर मी म्हटलं घड्याळामुळे, आणि पुढे समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

एक दिवस मी चिडले. "उलटा पाढा म्हणता येतो आणि दोन काटे वाचता येत नाहीत तुला? लक्ष कुठे असतं?" ती खाली पाहत राहिली. रडली मात्र नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला थांबायला निमित्त मिळालं असतं.

रोज संध्याकाळी आई फाटकाशी यायची. "आलं का जी?" मी म्हणायचे, "नाही अजून." ती म्हणायची, "बरं," आणि पोरीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून निघायची. जशी दसऱ्याची कमान चौकात उभी राहायला लागली तशी मलाच काळजी लागली. रात्री जेवताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मनातल्या मनात ते त्या मुलीला समजावून सांगत असायचे. इतक्या वर्षांत किती मुलांना घड्याळ शिकवलं असेल. एकाही मुलाच्या घड्याळाने माझं जेवण असं अडवलं नव्हतं.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आमच्याकडे मुलींची भुलाबाई बसते. कोजागिरीपर्यंत संध्याकाळी घरोघरी जमायचं, टाळ्या वाजवत गाणी म्हणायची आणि शेवटी ज्या घरची पाळी असेल त्या घरचा खाऊ ओळखायचा. खाऊ डब्यात झाकून ठेवलेला असतो. घरची मुलगी डबा हलवून दाखवते, मुली विचारतात, तिखट की गोड, कोरडा की ओला, आणि ओळखला की डबा उघडतो. शाळेतही एखाद्या शनिवारी आम्ही भुलाबाई करतो. त्या शनिवारी केली. व्हरांड्यात पाटावर मातीची भुलाबाई ठेवली, मुलींनी गोल केला, मुलं लांबून टिंगल करत उभी राहिली. मी खांबाला टेकून बसले. शनिवार असल्यामुळे शाळा सकाळची होती, ऊन वर आलं होतं आणि मला झोप येत होती.

गाणी झाली. एकीने डबा पुढे ठेवला. आत आलुबोंडे होते. हे कोणी सांगायची गरजच नव्हती, कारण डब्याखाली ठेवलेला पेपर तेलाने पारदर्शक झाला होता आणि मिरचीचा वास पार मुतारीपर्यंत गेला होता. पण मुलींनी विचारायला सुरुवात केली, ती भलतंच. लाडू आहे का? नाही. बर्फी आहे का? नाही. चिवडा? नाही. एका धिटुकलीने आलुबोंडा म्हणायला तोंड उघडलं, तर बाजूचीने तिला कोपर मारलं. आणि ती आमची घड्याळवाली मुलगी, त्या वासात बसून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारत होती, "खीर हाय का?"

मला हसू आलं. लहानपणी आम्हीही हेच करायचो. खाऊ कधीच कळलेला असायचा. पण ओळखला की संपलं. डबा उघडणार, खाऊ हातावर पडणार, आणि प्रत्येकीची आई दारात येऊन हाक मारणार. म्हणून जितकं चुकवता येईल तितकं चुकवायचं. लवकर ओळखणाऱ्या मुलीवर आम्ही सगळ्या जणी दोन दिवस अबोला धरायचो. मी हे आठवत हसत होते आणि त्या मुलीकडे पाहत होते. ती आता "साबुदाणा हाय का?" म्हणत होती. मग माझं हसू गेलं.

सोमवारी मी तिला समोर बसवलं आणि पुठ्ठ्याच्या घड्याळात बारा वाजवले. दोन्ही काटे एकावर एक, सरळ वर. इथे छोटा-मोठा घोळ होण्याचा प्रश्नच नाही, काटे अदलाबदल केले तरी बाराच. "किती वाजले?" तिने पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "एक."

ज्याला येत नाही ते मूल अंदाजाने सांगतं. आणि अंदाजाने सांगणारं मूल कधीतरी चुकून बरोबर सांगतंच. परीक्षेत काही न वाचता आलेल्यालाही दोन-चार खुणा बरोबर लागतात. या मुलीचं घड्याळाचं आजवर एकही उत्तर बरोबर आलं नव्हतं. प्रत्येक उत्तर न चुकता चुकवायचं तर बरोबर उत्तर आधी माहीत असावं लागतं. हे मला पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं, पण मी बसच्या काळजीत होते.

खिचडीच्या सुट्टीत मी तिला वर्गात थांबवलं. मुलं बाहेर ताटल्या आपटत होती.

"तुले घड्याळ येते ना?" मी विचारलं. माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

ती ताटलीच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "येते."

"मग चुकवते काहून?"

"मले आलं का आई जाते."

एवढंच. आवाजात तक्रार नव्हती. शाळा सुटली की घरी जायचं, असं सांगावं तसं तिने सांगितलं. आईने तिला कौतुकाने, हुरूप यावा म्हणून बजावलं असणार, की तू घड्याळ शीक, मग मी मोठ्या दवाखान्यात जाईन. पोरीने त्यातला आपल्याला लागू असलेला अर्थ काढला होता आणि तिच्या हातात जे होतं ते ती करत होती.

"बाबाची भीती वाटते का?" मी विचारलं.

"नाही. बाबा चांगले हाय." थोडं थांबून म्हणाली, "फिट आली का आई त्याहिले धरते. मले धरता नाही येत, ते मोठे हाय."

मला खूप वाईट वाटलं. ते मी तिला दाखवलं नाही एवढंच. जा, खिचडी थंड होते, असं म्हणाले. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "मॅडम, आईले सांगसान का?"

मी म्हटलं, "पाहते." हा माझा ठरलेला शब्द आहे. मुख्याध्यापकांना, घरच्यांना, डॉक्टरांना, सगळ्यांना मी तोच देते, आणि बहुतेक वेळा त्यातून काहीही निघत नाही.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "आलं का जी?" मुलगी तिच्या शेजारी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "थोडं राहिलंय." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. बसमध्ये बसल्यावर मी स्वतःशी हुज्जत घालायचे. बांधलेला पगार हातचा जातो आहे, नवऱ्याचं औषधपाणी जातं आहे, आणि मी एका लेकराच्या डोळ्यांकडे पाहून खोटं बोलते आहे. आणि लगेच वाटायचं, खरं बोलून काय होईल, तर ते लेकरू रात्रीपर्यंत एका आजारी माणसाशेजारी भिंतीकडे पाहत बसेल. मला दोन्हीकडून कंटाळा आला होता. खरं तर कोणीतरी माझ्यापेक्षा वरच्या माणसाने येऊन हे ठरवावं असं वाटत होतं. तपासणी कधी नव्हे ती त्या दिवसांत आली असती तर मी त्यांनाच विचारलं असतं.

दसऱ्याच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी ती आई लवकर आली. शाळा नुकतीच सुटली होती, मी टेबल आवरत होते, मुलगी बाहेर नळावर ताटली धूत होती. आई दारात न थांबता सरळ वर्गात आली. हातात फोन होता.

"मॅडम, सिस्टरचा फोन आला होता. उद्यापासून या, नाही तं दुसरी बाई ठेवतो म्हनते."

मी मनाशी ठरवलं की आता सांगायचं. "बसा," मी म्हणाले. "तुम्हाला एक सांगायचं आहे. तिला घड्याळ..."

"येते," ती म्हणाली. "मले मालूम हाय जी."

मी हातातल्या वह्या खाली ठेवल्या.

"सकाळी नळ यायच्या टायमाले ती भितीवरच्या घड्याळाकडं पाहून उठते अन् बाल्टी लावते. माह्या आंधी. म्या पाहिलं. काही बोललो नाही."

"मग रोज मला विचारता काहून?"

ती मुलांच्या बाकावर बसली. गुडघे बाकात मावत नव्हते. "तुमी नाही म्हनल्या का एक दिवस अजून भेटते," ती म्हणाली. "माहं तरी मन कुठं होऊन राहिलं तिले सोडून जायचं. म्या म्हटलं, पोरीले येत नाही, म्हनून राहिलो. सिस्टरलेबी तेच सांगत होतो. खोटं थोडीच होतं, तुमीच तं सांगत होत्या."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मला लागलं. आम्ही तिघी इतके दिवस त्या झाकलेल्या डब्याभोवती बसलो होतो आणि प्रत्येकीच्या तोंडी भलतंच नाव होतं. खिडकीत राख साचली होती, ती मी फडक्याने उगाच पुसली.

"आता काय करता?" मी विचारलं.

"नाही म्हनून टाकतो," ती म्हणाली. "पोळ्या हायच. चालून राहिलं तसं चालते. आठ वर्साचं लेकरू हाय ते. तिच्या भरवशावर मानूस सोडून जाव, हे काही खरं नाही." बोलता बोलता तिने फोन उघडला. तिचा अंगठा नावावर जाऊन थांबला. नको म्हणणं तिला सोपं जात नव्हतं. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबद्दल ती मला आधी किती वेळा बोलली होती. हात हलायला लागतो म्हनतात जी, व्यायामानं, असं सांगताना तिने स्वतःचा डावा हात वर करून दाखवला होता.

मुलगी ओल्या ताटलीसकट दारात उभी होती. किती ऐकलं ते कळलं नाही, पण पुरेसं ऐकलं असावं. तिने ताटली दप्तरात टाकली, ओले हात फ्रॉकला पुसले आणि माझ्या टेबलाशी आली. पुठ्ठ्याचं घड्याळ तिथेच पडलेलं होतं. तिने ते उचललं आणि आईच्या समोर बाकावर ठेवलं. आईने फोन खाली घेतला.

मुलीने लाल काटा फिरवला, मग काळा. एकदाही अडखळली नाही. "हे जेवनाआंधीची गोळी," ती म्हणाली. पुन्हा काटे फिरवले. "हे झोपतानीची." मधलं अंतर तिने बोटाने मोजून दाखवलं, तासातासाने, तबकडीवर टिचक्या मारत. बरोबर होतं. मी शिकवलं होतं त्यापेक्षा नीट होतं.

मग तिने काटे आणखी पुढे नेले, सावकाश, आणि रात्रीच्या एका वेळेवर आणून ठेवले. "अन् हे," ती म्हणाली, "तू येतं ते."

आई त्या काट्यांकडे पाहत राहिली. तिने खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं, लेकरू खूश झालं असतं. पण तिने बोट पुढे केलं आणि काळा काटा थोडा सरकवला. "बस भेटली नाही तं इथवरी," ती म्हणाली. मग अजून थोडा सरकवला. "पेशंट जास्त असले तं इथवरी."

मुलीने आधीची जागा पाहिली आणि नंतरची पाहिली. "एवढ्यात म्या काय करू वं आई?"

"झोपून जाजो."

"नाही झोपत. बाबाकडं कोन पाहीन?"

आईने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांची मास्तरीण समोर उभी होती, तिने काहीतरी सांगावं अशी तिची अपेक्षा असेल. माझ्यापाशी 'पाहते'सुद्धा नव्हतं. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिने तो हळूच बाजूला केला, कारण तिला आईचा चेहरा नीट दिसत नव्हता.

आईने पदराने फोनची काच पुसली आणि नंबर लावला. पलीकडून आवाज आला तशी ती बाकातून उठून उभी राहिली, जणू सिस्टर समोरच होती.

"हो जी," ती म्हणाली. "येतो मी उद्यापासून. पोरगी शिकली."